राहदारी आणि दस्तक : वाटेवरच्या फारसी शब्दांची इंग्रजी भाषांतरे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा आपल्यालाच अधिक आहे. त्यांनी ज्यांच्या हाताला धरून अक्षरे गिरवून घेतली, त्यांतील कित्येक जण आज या सभागृहात बसलेले आहेत. मी मराठीचा एक निवृत्त अध्यापक. माझे आयुष्य जुने कागद आणि जुने शब्द यांच्या संगतीत गेले. तेव्हा गुरुजींच्या स्मृतीस वाहण्यासाठी माझ्याजवळ शब्दांखेरीज दुसरे काही नाही. मात्र हे शब्द मी कडोदऱ्याला साजतील असे निवडले आहेत. ते वाटेचे शब्द आहेत.

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर उभे राहिले की मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या महामार्गाला सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता छेदताना दिसतो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असे करीत ही वाट खानदेशात उतरते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील पोटापाण्यासाठी याच वाटेने सुरतेस आले. ही वाट आजची नव्हे. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाण्याचे मुक्काम लिहून ठेवतो, तेव्हा सुरतेनंतरचा पहिला मुक्काम म्हणून तो बारडोलीचे नाव देतो. पुढे नवापूर आणि नंदुरबार येतात. म्हणजे आपण ज्या टापूत बसलो आहोत, तो मोगल साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या बंदराचा उंबरठा होता. या उंबरठ्यावरून माल जात असे, माणसे जात असत, आणि त्यांच्याबरोबर शब्दही जात असत.

त्यांतील एका शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली. तरुणपणी काही मोडी कागदांचा इंग्रजी सारांश तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका कागदात अमुक व्यापाऱ्यास ‘राहदारी माफ’ असल्याचा उल्लेख होता. रहदारी म्हणजे वर्दळ, येजा. इतका सोपा शब्द कोशात कशाला पाहायचा, असे मला वाटले. मी इंग्रजीत ‘ट्रॅफिक’ असे लिहून मोकळा झालो. वर्दळ माफ कशी होईल, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी तो कागद वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “अहो, माफ होते ती गोष्ट कोणती असते?” मी खजील झालो. माफ होते ते देणे. पण देणे कशाबद्दलचे, हे समजून घेण्यात पुढे माझी बरीच वर्षे गेली. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाला दिलेले माझे उशिराचे उत्तर आहे.

फारसीत ‘राह’ म्हणजे वाट आणि ‘दार’ म्हणजे धरणारा, सांभाळणारा. जसा किल्लेदार, जसा फौजदार, तसाच राहदार. त्याचे काम ती राहदारी. इराणात सफवी राजवटीत राहदार हा वाटेवरचा चौकीदार होता. त्याने व्यापाऱ्याकडून मालाच्या ओझ्यांवर किंवा जनावरांवर ठरावीक रक्कम घ्यावी आणि त्या बदल्यात वाट निर्धोक राखावी. चोरी झालीच तर माल शोधून द्यावा, नाहीतर भरपाई करावी, असा रिवाज तेथे गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी नोंदविला आहे. मोगली मुलखातही वाटेवरच्या चोरीचा जाब फौजदाराकडे मागितला जाई. आपल्या मराठी मुलखात गावाच्या शिवेत चोरी झाली तर चोर दाखवावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, ही जबाबदारी गावच्या रखवालदारांवर आणि पर्यायाने गावावर येत असे. थोडक्यात, राहदारी या शब्दाला दोन पाय होते. एक पाय रक्षणाचा आणि दुसरा वसुलीचा.

आता या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. मराठीत त्याचे दोन्ही पाय गळाले आणि उरली ती फक्त वाटेवरची वर्दळ. आज आपण ‘रहदारीचे नियम’ म्हणतो, तेव्हा त्यात कर नाही आणि रक्षणही नाही. इराणात वसुलीचा पाय गळाला आणि सांभाळण्याचा राहिला. तेथे रस्त्यांची देखभाल व रस्तावाहतूक पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावात आजही ‘राहदारी’ हाच शब्द आहे. गंमत अशी की, वर्दळीला इराणी माणूस ‘तेराफिक’ म्हणतो. तो शब्द त्याने फ्रेंचांकडून उसना घेतला आहे, आणि आपण मात्र त्याच्या शब्दाने आपली वर्दळ सांगतो. इंग्रजीत काय झाले? तेथे रक्षण गळाले आणि वसुली तेवढी राहिली. एकाच शब्दाच्या या तीन गती आहेत. पहिल्या दोन भाषेच्या ओघात झाल्या. लोकांच्या तोंडी शब्द झिजतात, त्यास कोणाचा इलाज नाही. तिसरी गती मात्र भाषांतरात झाली, आणि तिच्यामागे एक मोठा इतिहास आहे.

तो इतिहास सुरतेत सुरू होतो. १६०८ साली विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला आणि तेथून जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्याला तुर्की येत होती, बादशहालाही येत होती. त्यामुळे दोघांचे संभाषण दुभाष्यावाचून होऊ शकले. पुढे १६१५ मध्ये सर टॉमस रो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून आला. त्याला तुर्की येत नव्हती आणि फारसीही येत नव्हती. दरबारात बोललेला प्रत्येक शब्द त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून पोहोचत होता. रोला हवा होता दोन बरोबरीच्या राजांमधला कलमवार करार. मोगल दरबाराच्या रीतीत होते फर्मान, म्हणजे वरून खाली येणारी आज्ञा आणि कृपा. १६१९ मध्ये तो परत गेला, तेव्हा त्याच्या हाती फर्माने होती, करार नव्हता. करार मोडता येत नाही, कृपा काढून घेता येते. इंग्रज वखारवाल्यांच्या पुढील शतकभराच्या व्यवहारात हे अंतर सदैव जाणवत राहते.

वखारीतले लोक काही फारसीचे पंडित नव्हते. ते काम चालवीत ते गुजराती दलाल, आर्मेनियन व्यापारी आणि शेणवी दुभाषे यांच्या मदतीने. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर शिवछत्रपतींकडे तह करण्यास आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता. एका बाजूला फारसी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि मध्ये गुजराती, मराठी, पोर्तुगीज अशा उताऱ्यांवरून शब्दांना नदी ओलांडावी लागे.

या प्रवासात एक गोष्ट लक्षात येते. जी वस्तू डोळ्यांना दिसते, तिचा शब्द सुखरूप पार होतो. ‘कारवान’ इंग्रजीत ‘कॅरव्हॅन’ झाला. पुढे त्याचे डोके उडाले आणि ‘व्हॅन’ एवढेच शिल्लक राहिले. आज आपली मुले ज्या व्हॅनमधून शाळेत येतात, ती मुळात फारसी उंटांच्या तांड्याचे शेपूट आहे. अरबीतून फारसीत आलेला ‘काफिला’ सुरतेच्या इंग्रजी पत्रांतून मुक्तपणे वावरतो. पत्र नेणारा ‘कासिद’ इंग्रजीत ‘कॉसिड’ झाला. ‘सराई’ तर भाषांतराची वाट न पाहता तशीच राहिली. सुरतेत १६४४ साली, शाहजहानच्या कारकिर्दीत, प्रवाशांसाठी बांधलेली मुघलसराई आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय त्याच वास्तूत आले. घरपट्टीच्या कामासाठी तेथे गेलेल्या किती जणांना आपण सराईत उभे आहोत याची जाणीव असते, कोण जाणे.

अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. जहाजावरच्या ‘नाखुदा’चेच पाहा. हा शब्द नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी यांपासून झाला. आपल्या किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ तो हाच. त्याचे इंग्रजी ‘कॅप्टन’ असे केले की काम भागल्यासारखे वाटते. पण नाखुदा पुष्कळदा जहाजाचा मालक किंवा मालकाचा मुखत्यार असे. मालाच्या खरेदी-विक्रीचा भार त्याच्यावर असे. जहाज हाकण्याची विद्या असलेला ‘मुअल्लिम’, आपला मालम, हा निराळा माणूस. ‘मीरबहरी’चा शब्दशः अर्थ समुद्राच्या सरदाराचा अधिकार असा होईल, व्यवहारात ते नदीच्या उतारावर घेतले जाणारे देणे होते. जहांगीराने गादीवर येताच जे बारा हुकूम काढले, त्यांतील पहिल्याच हुकमात तमगा आणि मीरबहरी ही देणी बंद केली. त्याच हुकुमांत पुढे चोरीच्या वाटांवर जहागीरदारांनी सराया बांधाव्यात, विहिरी खणाव्यात आणि व्यापाऱ्यांच्या गाठी त्यांच्या संमतीवाचून वाटेत उघडू नयेत, असे आहे. पाहा, वसुली आणि रक्षण यांची जोडी येथेही शेजारी शेजारी बसली आहे.

जुन्या इंग्रजांना ही जोडी कळत नव्हती, असे मात्र नाही. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ नंतर सुरतेकडे वावरला, पुढे इराणात गेला, आणि १६९८ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ छापला. राहदारीला त्याने इंग्रजी शेपूट लावून आपल्यापुरता एक गमतीदार शब्द बनविला. परंतु इराणच्या बंदराविषयी लिहिताना वाटा सुरक्षित राखणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आणि त्यापोटी व्यापाऱ्यांनी द्यावयाची ही रक्कम, अशा दोन्ही गोष्टी तो सांगतो. जो स्वतः वाटेने चालला, त्याला शब्दाचे दोन्ही पाय दिसले. पुढे महसुली कचेरीतल्या इंग्रजीत मात्र ‘वाटेवरील मालाचा कर’ एवढाच अर्थ रुळला. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. स्थानिक अंमलदार रक्षणाचे नाव करून नुसतीच वसुली करीत, आणि म्हणूनच औरंगजेबालाही राज्यारोहणानंतर लवकरच राहदारी माफ करण्याचे हुकूम काढावे लागले. व्यापाऱ्याला चौकीवर रक्षण दिसेना, पसरलेला हातच दिसू लागला. भाषांतरकाराने खोटे लिहिले असे नव्हे. त्याने मोडलेली रीत पाहिली आणि तीच मूळ रीत समजून लिहिली.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळतो. ‘दस्त’ म्हणजे हात. ‘दस्तक’ म्हणजे लहानसा हात. त्यावरून दारावरची थाप, आणि त्यावरूनच अधिकाऱ्याच्या हातची चिठ्ठी, परवाना. पेशव्यांच्या दप्तरातही राहदारीची दस्तके आढळतात. दस्तकाचा अर्थ असा की, हा माल अमक्याचा आहे, त्यास वाटेत अडवू नये. म्हणजे तो विशिष्ट मालापुरता, विशिष्ट वाटेपुरता, आणि देणाऱ्याच्या मर्जीने चालणारा कागद होता.

१७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने इंग्रज कंपनीस फर्माने दिली. बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपये आणि सुरतेस दहा हजार रुपये भरावेत, मग कंपनीच्या मालास जकात नाही, अशी ती सवलत होती. बंगालमध्ये कंपनीच्या वखारीच्या मुख्याने सही केलेले दस्तक दाखविले की माल सुटे. येथे शब्दाचा अर्थ हळूहळू फिरला. बादशहाच्या लेखी दस्तक ही कंपनीच्या आयात-निर्यातीच्या मालापुरती मोकळीक होती. कंपनीच्या नोकरांनी ते आपल्या खाजगी, देशांतर्गत व्यापारालाही लावले. मीठ, सुपारी, तंबाखू यांनाही ते दस्तक दाखवू लागले. पुढे तर पैसे घेऊन दुसऱ्या व्यापाऱ्यांना दस्तके देऊ लागले. त्यांच्या पत्रव्यवहारात परवान्याचा हक्क झाला. परवाना देणारा एक असतो आणि घेणारा दुसरा असतो. हक्क मात्र आपल्याच खिशात असतो.

पुढचे आपण शाळेत शिकलेले आहात. नवाब मीर कासीमने तक्रार केली. गव्हर्नर व्हॅन्सिटार्टने इंग्रजांच्या खाजगी मालावर नऊ टक्के जकात घेण्याचा तोडगा काढला, तो कलकत्त्याच्या कौन्सिलने धुडकावला. तेव्हा १७६३ मध्ये नवाबाने सर्वांचीच जकात उठवली. दस्तक नसलेल्या देशी व्यापाऱ्यालाही इंग्रजांच्या बरोबरीने मोकळीक मिळाली, आणि हेच कंपनीच्या माणसांना सोसले नाही. युद्ध झाले, २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सारला त्याचा निकाल लागला, आणि पुढच्याच वर्षी बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती गेली. हे सारे एका शब्दामुळे झाले असे मी म्हणणार नाही. ते लोभामुळे झाले. पण लोभाला अंगावर घालण्यासाठी एक सभ्य वस्त्र लागते. ते वस्त्र या शब्दाने पुरविले.

राज्यकर्त्याच्या हातात शब्द काय करतात, याची जाणीव आपल्या मुलखात फार पूर्वी झाली होती. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपविण्यात आले. दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द घेऊन दरबारी फारसी-अरबी शब्दांना तेथे संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. दृष्टी स्पष्ट होती. राज्य आपले झाले, तर त्याचे शब्दही आपले असावेत. तरीही जकात लोकांच्या तोंडून गेली नाही. मूळ अरबीतील ‘जकात’ हे धर्माने सांगितलेले दान; आपल्याकडे ती नाक्यावरची वसुली झाली; इंग्रजी अंमलात तिला फ्रेंच वळणाचे ‘ऑक्ट्रॉय’ हे नाव मिळाले. गुजरातेत २००७ साली ही जकात उठली, तरी जुन्या नाक्यांची ओळख लोकांच्या बोलण्यात रेंगाळत राहिली. रस्ता, बाजार, पेठ येथले शब्द हुकमाने बदलत नाहीत. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा त्यांनी हे वास्तव ओळखले होते. जे आपल्या घरात राहायला आले, त्यांचे मूळ गाव कोणते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.

श्रोत्यांत मालवाहतुकीच्या व्यवसायातले माजी विद्यार्थी असतील. त्यांच्या रोजच्या कामातले एक उदाहरण देतो. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. आपले ‘बारदान’ त्यातूनच आले. इराणात मालाबरोबरच्या कागदाला ‘बारनामे’ म्हणतात. समुद्राने जाणाऱ्या मालाचा कागद असो की ट्रकने जाणाऱ्या, शब्द एकच. इंग्रजीत मात्र दोन आहेत. ‘बिल ऑफ लेडिंग’ हा मालकीचा कागद असतो. तो ज्याच्या हाती, माल त्याचा, आणि तो कागद विकताही येतो. ‘वेबिल’ हा नुसता सोबतीचा कागद. आता भाषांतरकाराने कोशात पाहून एका शब्दाऐवजी दुसरा घातला, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहील आणि माल भलत्याच्या दारात उतरेल. आपण ज्याला बिल्टी म्हणतो, ती यांतली कोणती, हे कोश सांगणार नाही. ते व्यवहार सांगेल.

म्हणून माझ्या अल्प अनुभवातून मी एवढेच सांगेन. वाटेच्या शब्दाचे भाषांतर करताना तो कागद कोठला आणि कोणत्या सालचा, हे आधी पाहावे. सुरतेतली सतराव्या शतकातली राहदारी आणि आजच्या तेहरानमधली राहदारी एक नव्हे. मग त्या शब्दात कोण कोणाचे काय देणे लागतो, हे विचारावे. माझ्या सहकाऱ्यांनी मला तेच विचारले होते. आणि दोन्ही बाजूंचे देणे सांगणारा शब्द दुसऱ्या भाषेत नसेल, तर मूळ शब्द तसाच ठेवून शेजारी चार ओळी लिहाव्यात. त्यात कमीपणा नाही. अर्धा शब्द पूर्ण म्हणून देण्यात मात्र अपराध आहे.

आता शेवटी पुन्हा आपल्या चार रस्त्यावर येतो. दस्तके गेली असे आपण समजतो. पण २०१८ पासून मालाबरोबर ‘ई-वे बिल’ धावते आहे, ते दस्तकाचेच यंत्रयुगातले भावंड. महामार्गावर टोल भरताना खड्ड्यात गाडी आदळली, की आमचा खानदेशी ड्रायव्हर चिडून विचारतो, “मग टोल कशाचा घेता?” त्याने फारसी वाचलेली नाही. पण राहदारी या शब्दाचा इंग्रजी भाषांतरात गळालेला पाय त्याने आपल्या एका प्रश्नाने पुन्हा जागेवर बसविला आहे. वाटेचे घ्यायचे असेल, तर वाट सांभाळली पाहिजे.

गुरुजींनी या परमुलखात मराठी शाळेची वाट सांभाळली, आणि त्यासाठी कोणाकडून राहदारी घेतली नाही. त्यांच्या स्मृतीस वंदन.